परिचर्या: जागा वाढवण्यापुढचा प्रश्न

प्रशिक्षणाच्या जागा वाढवल्या की परिचारिकांची तूट भरून निघेल, असे अनेकदा म्हटले जाते. तूट मोठी आहे हे खरेच. २०१८ मध्ये जगभरात सुमारे ५९ लाख परिचारिका कमी पडत होत्या, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात नोंदवले आहे. मात्र शिकून बाहेर पडलेली परिचारिका सेवेत टिकते का, हे त्याहून महत्त्वाचे आहे. अनेक वर्षे रुग्णांजवळ काम केलेल्या परिचारिकेला बढती हवी असल्यास बहुधा रुग्णसेवा सोडून व्यवस्थापनाकडेच वळावे लागते, आणि अनुभव जिथे सर्वाधिक उपयोगी पडायचा तिथूनच तो निघून जातो. म्हणून प्रगत परिचर्येची (जादा शिक्षण घेतलेल्या अनुभवी परिचारिकांनी रुग्णांजवळच राहून अधिक जबाबदारीचे काम करण्याची) स्वतंत्र पदश्रेणी, ठरावीक औषधे लिहून देण्याचा कायदेशीर अधिकार आणि त्याला साजेसे वेतन या गोष्टी एकत्रच याव्या लागतात. नुसते पदनाम बदलून (हा प्रशासनांचा आवडता उपाय) काही साधत नाही. परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा न्यूझीलंडने १९०१ मध्येच केला होता, पण नोंदणी हा केवळ पाया आहे. आरोग्य मंत्रालयात धोरण आणि अंदाजपत्रक ठरताना मुख्य परिचर्या अधिकाऱ्याच्या मताला वजन नसेल, तर या मनुष्यबळाचे नियोजन इतरांच्याच अंदाजांवर चालत राहते.