अनुभव धागा : पाय थांबले, तरी पळत राहिलात ती शर्यत

मेहरूणकर
पहाटे मेहरूण तलावावर पोलीस भरतीची पोरं पळत होती. राज्य राखीव पोलीस दलाच्या ५ किमीची तयारी. एकाच्या पोटात कळ आली, तो वाकला. मागच्यानं पाठीवर हात ठेवून "पय रे भो, पय!" म्हणत त्याला पुढे काढला. तेव्हापासून माझी पहिली फुल मॅरेथॉन डोक्यातून जात नाहीये. ४२.१९५ किमी. तिसाव्या किलोमीटरपर्यंत मस्त चाललं होतं, मग अंगातलं सगळं बळ एकदम ओसरलं. उजव्या पिंडरीत असा गोळा आला की बोटांनी चाचपडला तर दगड लागावा. दुभाजकावर बसलो. एक म्हातारे बाबा घरातून वाटीत मीठ आणि अर्धं केळं घेऊन आले, काही न विचारता पिंडरी चोळून दिली. नाव विचारायचंही भान नव्हतं मला. शर्यत पूर्ण केली, पण मला ती त्यांची वाटते. तुमचंही लिहा.

पांझराकाठ
डोळे भरून आले दादा. अशी माणसं रस्त्यावर भेटतातच.

शहादेकर
माझी सातारा हिल हाफ मॅरेथॉन. यवतेश्वरचा घाट चढताना दम लागतो हे सगळेच सांगतात. खरा त्रास परतीच्या उतारावर. मांड्या थरथरायला लागतात, ब्रेक लावून लावून अंगठ्याचं नख काळंनिळं. आपल्याकडे सपाटीवर सराव करून तिथे जाऊ नका. मी नंतर तोरणमाळच्या घाटात उतार पळायला लागलो, मग फरक पडला.

सिस्टर_भुसावळ
मीठ दिलं ते फार बरं केलं बाबांनी. उन्हात तासन्‌तास नुसतं पाणी ढोसू नका रे, रक्तातलं सोडियम उतरतं. चक्कर, उलटी, माणूस बरळायला लागतो. ओआरएसची पुडी खिशात ठेवा. ड्यूटीवर निघाले, बाकी रात्री.

धडगावची
माझी शर्यत लांब पल्ल्याची नाही, ८०० मीटर. पोलीस भरतीत मुलींना तेवढंच असतं. पण शेवटच्या वळणावर छातीत आग पेटली होती, तोंडात रक्ताची चव. माझ्या पाड्यावरच्या पोरी दोरीपलीकडून आमच्या पावरी बोलीत ओरडत होत्या. तो आवाज नसता तर मी चालत गेले असते. लागले भरतीत. आता त्यांच्या धाकट्या बहिणींना पळवते, अनवाणी येतात बऱ्याच जणी. कुणाकडे वापरात नसलेले बरे बूट असतील तर सांगा, ५ आणि ६ नंबर.

पांझराकाठ
ताई, माझ्या मुलीचे ५ चे आहेत, जवळजवळ नवे. धुळ्याहून पाठवते.

रावेरचा_शेतकरी
केळ्याचं नाव निघालं म्हणून. शर्यतीला पूर्ण पिवळं, ठिपके पडायला लागलेलं केळं न्या, अर्धं कच्चं पोटात जड बसतं. यंदा करप्यानं पानं गेली, माल बारीक आहे, पण गोडी तीच.

शहादेकर
भाव काय चालूये भाऊ?

रावेरचा_शेतकरी
विचारू नका. व्यापारी येतो, बघतो, निघून जातो.

मेहरूणकर
धडगावची ताई, ६ नंबरचे दोन जोड आमच्या ग्रुपकडून नक्की. रविवारी पाचला तलावावर सगळे भेटतात, तिथेच गोळा करतो. शहाद्यापर्यंत पोचवायला कोण आहे?

शहादेकर
शहाद्यापर्यंत पोचले की पुढे वर धडगावला मी नेतो. मंगळवारी बाजाराला जातोच.