चांद्र डेटा जागेवर बसत नाही: चूक संग्रहाची की आमची? आणि कळवायची कशी?

जांभा_रत्नागिरी

दोन प्रश्न आहेत.

एक. चांद्रयान-१ वरच्या एम-क्यूबच्या (मून मिनरॉलॉजी मॅपर, चंद्रावरची खनिजं टिपणारं उपकरण) लेव्हल-१बी, म्हणजे कॅलिब्रेट केलेल्या, चित्रपट्ट्यांवर एमएस्सीची मुलं काम करताहेत. पट्टीबरोबर अक्षांश-रेखांशांची तयार 'लॉक' फाइल येते, पण शिकवायचं म्हणून आम्ही स्पाइस (यान कुठल्या क्षणी कुठे होतं ते काढायची नासाची प्रणाली) वापरून जागा स्वतः काढतो आणि लॉकशी ताडून बघतो. नोव्हेंबर-डिसेंबर २००८ च्या पट्ट्या दोन-तीन पिक्सेलच्या आत जुळतात. जानेवारी २००९ पासूनच्या मात्र १० ते १३ पिक्सेल हललेल्या. पिक्सेल १४० मीटरचा, म्हणजे दीड किलोमीटर किंवा थोडं जास्तच. काही पट्ट्या उत्तरेला हलतात, काही दक्षिणेला. पूर्व-पश्चिम जवळजवळ काही नाही. लॉक फाइल चुकलीय असं कळवावं का?

दोन. दुसऱ्या एका संग्रहातली विवरांची साधी टॅब फाइल आहे (नाव घेत नाही, कारण खात्री नाही). पीडीएस-३ (नासाच्या ग्रहीय डेटा संग्रहाचं जुनं स्वरूप) मधल्या लेबलप्रमाणे, म्हणजे कुठला रकाना कुठल्या बाइटवर ते सांगणाऱ्या वर्णनाप्रमाणे, वाचली तर उत्तर गोलार्ध ठीक, विषुववृत्तापासून १० अंश दक्षिणेपर्यंतही ठीक. त्याच्या खाली एकही विवर नाही! आणि उत्तरेला दुप्पट गर्दी.

चूक त्यांची निघाली तर कुणाला लिहायचं? दुरुस्त केलेली फाइल कॉलेजच्या ड्राइव्हवर ठेवली तर चालेल का? पेपरात कोणती आवृत्ती द्यायची?

---

भरतीओहोटी_अलिबाग

पहिल्याचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे: डिसेंबरपर्यंत बरोबर, जानेवारीपासून नाही. ३१ डिसेंबर २००८ ला युटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) एक लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवायला एक जादा सेकंद, घातलं गेलं (आपल्याकडे तेव्हा १ जानेवारीची पहाट, ५:२९:६०). तुमच्या मेटाकर्नलमध्ये (स्पाइसच्या डेटा फाइलींची, म्हणजे कर्नलांची, यादी) लीप सेकंदांचं कर्नल कुठलं आहे ते बघा. नैफ-०००८ असेल तर त्याला हे सेकंद ठाऊकच नाही. ते नैफ-०००९ मध्ये आलं. सरळ नैफ-००१२ लावा, त्यात ३१ डिसेंबर २०१६ पर्यंतची सगळी सेकंदं आहेत.

आता हिशेब. १०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला १.६३ किमी, जमिनीवर उतरवला की १.५४ किमी. त्याला १४० मीटरनं भागा: ११ पिक्सेल. तुमचा आकडा हाच, वरचे दोन-तीन तर डिसेंबरातही होतेच. सेकंद कमी धरल्यामुळे यान होतं त्याच्या एक सेकंद मागे बसतं. उत्तरेकडे जाणाऱ्या फेरीत जागा दक्षिणेला सरकते, दक्षिणेकडे जाणाऱ्या फेरीत उत्तरेला. ध्रुवीय कक्षेत पूर्व-पश्चिम फरक दिसणार तरी कुठून? वेळेची चूक नेहमी कक्षेच्या रेषेत पडते, हे मुलांना फळ्यावर काढून दाखवा.

कर्नल बदलूनही कुठे किलोमीटरच्या जरा आतली सरक उरली, आणि ती फेरीच्या दिशेनुसार उलटत नसेल, तर अक्षांश-रेखांशांची चौकट तपासा. चंद्राच्या 'मीन अर्थ' आणि 'प्रिन्सिपल ॲक्सिस' या दोन चौकटींत पृष्ठभागावर तेवढा फरक पडतो. नकाशे मीन अर्थमध्ये असतात.

आणि एम-क्यूबच्या बाबतीत लॉकवर शंका घेण्याआधी तिचा इतिहास वाचा. मोहीम चालू असतानाच तारासंवेदक गेले. एक आधीच, दुसरा मे २००९ मध्ये, त्याच सुमारास कक्षाही १०० वरून २०० किमीवर नेली. त्यामुळे यानाचं तोंड नेमकं कुठे होतं हे नंतर बसून काढावं लागलं. अंतिम लॉक फाइली लोलाच्या (नासाच्या एलआरओ यानावरचं लेसर उंचीमापक) उंच-सखलतेवर बसवलेल्या आहेत. नुसत्या स्पाइसनं काढलेली जागा लॉकपेक्षा चांगली येईल ही अपेक्षाच ठेवू नका, विशेषतः मे नंतरच्या पट्ट्यांत.

जाता जाता: पावसात वीज गेली की डाउनलोड अर्धवट राहतं आणि फाइल तरीही निमूट उघडते. ग्लोबल मोडच्या रेडियन्स फाइलीत एका ओळीला ३०४ नमुने × ८५ तरंगलांबी-पट्टे × ४ बाइट, म्हणजे १,०३,३६० बाइट. फाइलीच्या आकाराला या आकड्यानं पूर्ण भाग गेला पाहिजे, आणि भागाकार लेबलातल्या ओळींच्या संख्येइतका आला पाहिजे. मग एमडी-५ चेकसम (फाइलीच्या बाइटांवरून काढलेली खूण) ताडून बघा. हे केल्याशिवाय कुणाला चूक कळवू नये.

---

एक_बाइट_मागे

दुसरा प्रश्न. टॅब फाइल कुठल्याही वाचकात न उघडता कच्चे बाइट बघा, लिनक्सवर हेक्सडंप किंवा ओडी. माझा अंदाज असा: अक्षांशाचा रकाना सहा बाइटचा, उजवीकडे सरकवून लिहिलेला, आणि लेबलातला स्टार्ट_बाइट एकानं पुढे.

समजा खरा रकाना २२ ते २७ आहे आणि लेबल म्हणतं २३ पासून सहा. तीन ओळी घ्या (ठिपका म्हणजे मोकळी जागा):

२२ ते २७ मध्ये "-१२.४५" असेल तर २३ पासून वाचल्यावर "१२.४५·" येतं. उणे चिन्ह गेलं, विवर उत्तरेला.
"·-५.२०" असेल तर "-५.२०·" येतं. बरोबर.
"·१२.४५" असेल तर "१२.४५·". हेही बरोबर.

म्हणून ० ते -१० शाबूत आणि त्याखालचं सगळं उलटं. तुमचं लक्षण तंतोतंत हेच.

असली चूक यंत्राच्या तपासणीत सापडत नाही. १२.४५ हा वैध आकडा आहे, -९० ते ९० मध्ये बसतो, प्रकार बरोबर, ओळीची लांबी बरोबर. पीडीएस-४ चं (आताच्या स्वरूपाचं) व्हॅलिडेट नावाचं साधन स्कीमा आणि स्कीमाट्रॉन (लेबलाच्या रचनेचे नियम), रकान्यांचा प्रकार, ओळीअखेरच्या खुणा हे सगळं तपासतं, पण दक्षिण गोलार्ध रिकामा का, हे विचारत नाही. ते नकाशावर ठिपके टाकणाऱ्या माणसालाच दिसतं. संच तपासणाऱ्या समीक्षकांनी फाइल नुसती उघडून न बघता वापरून बघावी असा आग्रह असतो तो याचसाठी.

एकाची चूक येते कुठून, तर बाइट मोजण्याच्या दोन पद्धतींतून. पीडीएस-३ चा स्टार्ट_बाइट १ पासून. पीडीएस-४ मध्ये फील्ड_लोकेशन १ पासून, पण फाइलीत तक्ता कुठे सुरू होतो तो ऑफसेट ० पासून. प्रोग्रामिंग भाषांतली मोजणी बहुधा ०. लेबल बनवणारी स्क्रिप्ट लिहिताना कुणीतरी "एक मिळवायचा" हे दोनदा केलं की झालं.

दुसरी नेहमीची जागा ओळीची अखेर. लेबल ८० बाइट सांगतं तेव्हा त्यात सीआर-एलएफचे (ओळ संपल्याच्या अदृश्य खुणा) दोन धरलेले असतात. कुणी फाइल लिनक्सवर 'साफ' करून फक्त एलएफ ठेवला की ओळ ७९ ची होते आणि दर ओळीला एक बाइट सरकत जातो. पण तेव्हा सगळंच विस्कटतं, तुमच्यासारखं निवडक नाही. म्हणून ते इथे नाही.

---

मालवणी_गांगरा

मॅडम, ती टॅब एक्सेलात उघडू नकात हां. मगे सगळो घोळ जाता. उघडलात तरी 'सेव्ह' म्हणू नकात.

---

लेबलवाली_वेंगुर्ले

कळवायचं कुणाला ते सांगते. जो संग्रह फाइल सांभाळतो त्याला. मोहिमेच्या शास्त्रज्ञाला त्याची प्रत. नासाचं पीडीएस विषयवार केंद्रांत विभागलेलं आहे: भूशास्त्र सेंट लुइसला, वातावरण न्यू मेक्सिकोत, चित्रं आणि नकाशे फ्लॅगस्टाफ आणि जेपीएल (नासाची कॅलिफोर्नियातली प्रयोगशाळा) यांच्याकडे, स्पाइसचं नैफही जेपीएलकडेच. चांद्रयान-२ चा डेटा इस्रोच्या आयएसएसडीसीकडे (अंतराळ-विज्ञान डेटा केंद्र), प्रदान पोर्टलवर. त्याची लेबलं पीडीएस-४ मधली. चुकीच्या केंद्राला लिहिलं तरी ते पुढे पाठवतात, वेळ मात्र जातो.

लिहिण्याआधी त्या संचातली एरेटा (माहीत असलेल्या चुकांची) फाइल वाचा. पीडीएस-३ च्या खंडात ती वरच्या पातळीवरच असते, एएरीडमीच्या शेजारी, आणि कुणी उघडत नाही. निम्म्या 'नव्या' चुका तिथे आधीच लिहिलेल्या असतात. मग इंडेक्स फाइल आणि कॅटलॉग फोल्डरातलं डेटासेटचं वर्णन.

आता दुरुस्ती कशी होते. संग्रहातली फाइल जागच्या जागी बदलत नाहीत. एक अक्षर बदललं तरी चेकसम बदलतो, आणि जुन्या फाइलीवर ज्यांचे पेपर आहेत त्यांना आपला आकडा कुठून आला हे दाखवता येत नाही. पीडीएस-४ मध्ये प्रत्येक उत्पादनाला (डेटा फाइल आणि तिचं लेबल) लिडव्हिड असतो: न बदलणारा लिड (ओळखनाव), दोन अपूर्णविराम (::), आणि आवृत्ती. तुमच्यासारखी केवळ लेबलाची चूक असेल तर १.० चं १.१. आकडेच नव्यानं काढले (कॅलिब्रेशन बदललं, जागा बदलली) तर २.०. लेबलातल्या मॉडिफिकेशन_हिस्टरीत तारीख, आवृत्ती आणि काय बदललं ते एका वाक्यात. "किरकोळ दुरुस्त्या" असं लिहिणाऱ्याला मी परत पाठवते. कुठला रकाना, कुठून कुठे, ते हवं.

गंमत पुढे आहे. उत्पादन बदललं की कलेक्शनच्या (उत्पादनांच्या गटाच्या) यादीतली ओळ बदलते, कारण यादीत पी किंवा एस (प्राथमिक की दुय्यम) आणि त्यापुढे पूर्ण लिडव्हिड असतो. म्हणजे कलेक्शनची आवृत्ती वाढली. बंडलमध्ये (कलेक्शनांचा गठ्ठा) कलेक्शनची नोंद आवृत्तीसकट असेल तर बंडलचीही. एका बाइटसाठी तीन लेबलं. इथे बहुतेक वेळा राहते ती कलेक्शनची यादी, आणि मग नवं उत्पादन संग्रहात असूनही शोधात जुनंच येतं.

मोठी दुरुस्ती असेल तर पुन्हा समीक्षा बसते. केंद्र बाहेरचे शास्त्रज्ञ बोलावतं. त्यांना फक्त संच आणि त्यातली कागदपत्रं द्यायची, फोनवर समजावून सांगायचं नाही. कागदपत्रं वाचून त्यांना निदान एक छापलेली आकृती पुन्हा काढता आली पाहिजे. हरकतींना 'लियन' म्हणतात. त्या फेडेपर्यंत संचावर तसा शिक्का असतो. हरकत 'कागदपत्र अपुरं' अशी आली तर काही उपयोग नाही. 'रकाना ७ चं एकक लेबलात केल्विन, पानावर सेल्सिअस' अशी आली तर तासाभरात फिटते.

ड्राइव्हचं: ठेवा, पण त्याच नावानं नको. नावात कॉलेज आणि तारीख घाला, शेजारी रीडमीत मूळ फाइलीचा चेकसम आणि नेमकं काय बदललं ते. तेच नाव ठेवलंत तर दोन वर्षांनी कुठली खरी हे तुम्हालाही सांगता येणार नाही. पेपरात संचाचा डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) असेल तर तो, आणि आवृत्तीचा आकडा. "अमुक संकेतस्थळावरून घेतलं" हा संदर्भ नव्हे.

---

भरतीओहोटी_अलिबाग

जुनं का ठेवायचं याचं चांगलं उदाहरण आमच्या दाराशी आहे, जरी ते ग्रहांचं नसलं तरी. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी मापनं बिघडणार म्हणून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी कुलाब्याहून अलिबागला आणल्या. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं, म्हणून दोन जागांमधला फरक काढता आला आणि १८४१ पासूनची कुलाब्याची मालिका पुढच्या मालिकेला सांधता आली. नवी आवृत्ती आली की काही पट्ट्या दोन्हींत मुद्दाम ताडून बघा आणि फरक लिहून ठेवा.

---

जांभा_रत्नागिरी

कर्नल नैफ-०००८ च होतं. ००१२ लावल्यावर जानेवारीच्या पट्ट्याही दोन-तीन पिक्सेलच्या आत. लॉकबद्दलची तक्रार मागे घेतली.

टॅब फाइलीचे बाइट बघितले. अक्षांश २२ वर सुरू होतो, लेबल २३ सांगतं. एरेटात काही नाही. असं लिहितेय, बघा:

"आपल्या विवरसूचीत गंभीर चूक असून दक्षिण गोलार्धातील माहिती चुकीची आहे. कृपया तपासावी."

---

लेबलवाली_वेंगुर्ले

यावर त्यांना काहीच करता येणार नाही. आणि माहिती चुकीची नाहीये, लेबल चुकीचं आहे. हा फरक पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर त्यांचा निम्मा दिवस डेटा तपासण्यात जाईल. असं करा:

"संच क्रमांक अमुक, फाइल तमुक, चेकसम हा. लेबलात अक्षांशाचा स्टार्ट_बाइट २३ आहे. फाइलीत रकाना २२ वर सुरू होतो. परिणाम: -१० अंश आणि त्याखालच्या नोंदींचं उणे चिन्ह गळतं. डेटा फाइल बरोबर दिसते. सोबत तीन ओळींचा हेक्सडंप: ४, १९ आणि ५७. सुचवलेली दुरुस्ती: स्टार्ट_बाइट २२. शेजारचे रकाने तपासले, ते बरोबर आहेत."

शेवटचं वाक्य तपासल्याशिवाय लिहू नका. एक रकाना सरकला असेल तर पुढचाही सरकलेला असू शकतो, आणि रेखांशाला उणे चिन्ह नसेल तर तिथे चिन्हाऐवजी तीन अंकी रेखांशाचा पहिला अंक गळेल. व्यासाच्या रकान्यातही बघा: तीन अंकी व्यासाचा पहिला अंक गळला तर १२० किलोमीटरचं विवर २० चं होतं.

---

एक_बाइट_मागे

आणि ओळी ४, १९, ५७ म्हणजे हेडरची ओळ धरून की सोडून, तेही लिहा.