कूलर, पाऊस आणि पियानोचा सूर

मे महिन्यात पियानोचा सूर उतरला की लगेच ट्यूनिंग करून घ्या, असा सल्ला काही जण देतात, तो नागपुरात तरी पटत नाही. कोरड्या हवेत साउंडबोर्डचं, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणाऱ्या आतल्या फळीचं, लाकूड आकसतं, सूर उतरतो. पावसाळ्यात तेच फुगतं आणि मधल्या सप्तकांचा सूर सगळ्यात जास्त चढतो. मे मधले पैसे जुलैत वाया. पाऊस स्थिरावल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ए ४४० ला (मधला ए स्वर ४४० हर्ट्झ, ही प्रमाण पट्टी) लावून घ्या, मैफलीची तयारी करणाऱ्यांनी तर नक्कीच.

आणि कूलरचा झोत पियानोवर कृपया नकोच! दिवसा ओलावा, रात्री कोरडं, या हेलकाव्यांनी तारा ताणून धरणाऱ्या लाकडातल्या पिना सैल पडतात, मग कितीही लावा, सूर टिकत नाही. हवेतली आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर ठेवा, ४० ते ५० टक्के आर्द्रता उत्तम. पावसाळ्यात बोटांनी दाबायची पट्टी अडकली तर तेल सोडू नका, आतलं फेल्ट (लोकरीचं जाड कापड) आणखी फुगतं.