आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए करायचंय? अर्ज केलेल्यांनी अनुभव सांगा

तिरपी_उन्हं

बीएच्या शेवटच्या वर्षाची मुलं दर हिवाळ्यात एकच प्रश्न घेऊन येतात: आयआरमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंधांत, एमए करायचंय, अर्ज कुठे करू? मिळणारी उत्तरं दोनच. ‘जेएनयूला जा’ किंवा ‘आधी यूपीएससी बघ, नाही जमलं तर हे’. म्हणून हा धागा. चांगल्या विद्यापीठांची यादी नको, ती कुठेही मिळते. अर्ज भरताना काय झालं ते लिहा. निबंधात काय लिहिलंत, शिफारसपत्र कुणी दिलं, पैसे कुठून आले, नकार आला असेल तर तोही येऊ द्या. माझा स्वतःचा अर्ज पाकिटात घालून पोस्टाने पाठवायच्या काळातला, त्यामुळे त्याचा आज कुणाला उपयोग नाही.

पंचगंगेकाठची

ज्ञानेश्वर मुळे आमच्या शिरोळ तालुक्यातले, त्यामुळे परराष्ट्र सेवा घरात सगळ्यांना माहीत होती. त्या विषयात एमए करता येतं हे मात्र मला कॉलेजात कळलं.

जेएनयूचा प्रवेश २०२२ पासून सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर सामाईक परीक्षेतून होतो. मी दिली तेव्हा ७५ प्रश्न होते, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. पेपर इंग्रजी आणि हिंदीत, मराठीत नाही. माझं बारावीपर्यंत मराठी माध्यम, तरी इंग्रजीच निवडलं, कारण पुढचं सगळं वाचन त्याच भाषेत करायचं होतं.

एक गोष्ट मुलं हमखास विसरतात. ही परीक्षा घेणाऱ्या एनटीएचा फॉर्म भरला म्हणजे जेएनयूला अर्ज झाला असं नाही. निकालानंतर जेएनयूच्या साइटवर वेगळी नोंदणी करून अभ्यासक्रमांचा क्रम द्यावा लागतो. माझ्या ओळखीच्या एका मुलीचे गुण उत्तम होते, पण ती ही नोंदणी न करताच गावी यादीची वाट बघत बसली. दुसरं, तिथे आंतरराष्ट्रीय अभ्यासाचं विशेषीकरण असलेलं राज्यशास्त्राचं एमए वेगळं आणि आंतरराष्ट्रीय संबंध व क्षेत्र अभ्यास यांचं एमए वेगळं. कशाला कोणती प्रश्नपत्रिका चालते हे माहितीपत्रकात बघूनच पेपर निवडा.

शिक्षण शुल्क वर्षाला तीन आकडी. खरा खर्च दिल्लीत राहण्याचा, हॉस्टेल मिळेपर्यंतचा.

जुना_मुनिरकावाला

वरच्या ताईंशी सहमत, फक्त एक भर. २०१९ च्या आधी जेएनयूच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेत लांबलचक उत्तरं लिहावी लागत. तिथला आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा विभाग ही मुळात वेगळी संस्था, १९५५ मध्ये दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये सुरू झाली, १९७० मध्ये जेएनयूत आली, आणि मत मांडता येणारा विद्यार्थी हवा ही तिथली जुनी सवय होती. आता पर्यायांवर टिचक्या मारून मुलं आत येतात आणि पहिल्या सत्रातल्या निबंधाला अडखळतात. परदेशी अर्ज करणाऱ्यांचंही तेच होतं. परीक्षेला लागत नसलं तरी आठवड्याला एक हजार शब्द लिहीत चला.

दुधनेच्या_पलीकडे

शिफारसपत्राबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी सविस्तर लिहिते.

मी मराठवाड्यातल्या तालुक्याच्या कॉलेजातून बीए केलं. ब्रिटनमधल्या विद्यापीठांना दोन शिक्षकांची पत्रं हवी होती आणि ती शिक्षकांनी संस्थेच्या ईमेलवरून थेट पाठवायची. आमच्या सरांचा ईमेल जीमेलचा, तोही त्यांच्या मुलाने उघडून दिलेला. सर म्हणाले, “तूच लिहून आण बाळ, मी सही करतो.” आपल्याकडे बहुतेक पत्रं अशीच होतात आणि ती ओळखू येतात. प्रत्येक पत्रातली मुलगी कष्टाळू, प्रामाणिक आणि नेतृत्वगुण असलेली.

मी सरांना विनंती केली की तुम्ही मराठीत बोला. ते अर्धा तास बोलले. ग्रंथालयात ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे अंक कुणी सोडत नव्हतं, मी त्यांची दोरी सोडवली. सार्कवरच्या सेमिनारमध्ये मी त्यांचं म्हणणं खोडून काढलं, आणि रात्री त्यांनी पुस्तक काढून पाहिलं तर मी बरोबर होते. हे सगळं मला आठवतही नव्हतं. इंग्रजीच्या मॅडमनी ते इंग्रजीत केलं, सरांनी दुरुस्त्या केल्या, कॉलेजच्या लेटरहेडवर सही-शिक्का झाला. ईमेलचा अडथळा समजावून सांगणारं पत्र मी प्रवेश विभागाला आधीच पाठवलं होतं. त्यांनी स्कॅन केलेली प्रत मान्य केली.

प्रवेश तिथे मिळाला. एका ठिकाणाहून कारण न देता नकार आला, एका ठिकाणी प्रतीक्षा यादीतच वर्ष गेलं.

लासलगाव_मार्केट

मी राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेलो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ७५ जागा असतात. अर्ज समाजकल्याण आयुक्तालयाकडे. हातात विनाअट प्रवेशपत्र लागतं, आणि विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये हवं.

आयआरवाल्यांची पंचाईत इथेच होते. ही क्रमवारी अख्ख्या विद्यापीठाची असते, विषयाची नव्हे. आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासासाठी लंडनच्या सोआसचं नाव सगळे घेतात, ते २०० मध्ये नाही. पॅरिसचं सियाँस पो नाही. जिनिव्हाची १९२७ ची ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट एवढी छोटी आणि एकाच क्षेत्रातली की त्या यादीतच येत नाही. एलएसई, किंग्ज, एडिनबरा बसतात. म्हणून आधी शिष्यवृत्तीचा निकष वाचा, मग विद्यापीठ निवडा. नियम मधूनमधून बदलतात, त्या वर्षीचा शासन निर्णय डोळ्यांनी वाचल्याशिवाय कुणाचं ऐकू नका, माझंसुद्धा.

आता निबंध. पहिला मसुदा ‘लहानपणापासून मला जगाविषयी कुतूहल’ असा सुरू होत होता. मोठ्या बहिणीने वाचला आणि म्हणाली, “तुला कुतूहल कांद्याच्या भावाचं होतं.” खरंच होतं. आपल्याकडे निर्यातबंदी आली की ढाक्यात भाव चढतो. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन म्हणाल्या होत्या की स्वयंपाक्याला कांदा घालू नकोस म्हणून सांगितलंय. सभागृह हसलं. आमच्या घरी कुणी हसलं नाही, कांदाचाळीतला माल तसाच पडून होता. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी, ती उठली मे २०२४ मध्ये. देशातला ग्राहक, नाशिकचा शेतकरी आणि शेजारी देश यांत सरकार कुणाचं ऐकतं, का ऐकतं, हा माझा प्रश्न. निबंध त्यावरच लिहिला.

बॉयलर_सूट

मी मेकॅनिकल इंजिनियर. सगळे म्हणाले जर्मनीत शिक्षण फुकट, तिकडे आयआर कर. बर्लिनची दोन विद्यापीठं आणि पॉट्सडाम मिळून एक संयुक्त एमए चालवतात, पण त्याला जर्मन चांगली यावी लागते आणि पदवीत राज्यशास्त्राची ठरावीक क्रेडिट्स लागतात. माझ्याकडे थर्मोडायनॅमिक्सची होती. पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात भाषा शिकता येते, क्रेडिट्स कुठून आणणार?

इतरांसाठी: २०२२ च्या अखेरीपासून भारतीयांना एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र सक्तीचं झालंय, आणि व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागत होते, हा आकडा २०२४ चा. फुकट म्हणतात ते एवढ्यानंतरचं.

मी शेवटी दिल्लीच्या साउथ एशियन युनिव्हर्सिटीत गेलो, तिथे कुठलाही पदवीधर चालत होता. तेव्हा ते चाणक्यपुरीत अकबर भवनात भरायचं, आता मैदानगढीला आहे. सार्क देशांनी २०१० मध्ये सुरू केलेलं. वर्गात नेपाळी, बांगलादेशी, अफगाण मुलं. सिंधू करारावर पाठ केलेलं उत्तर बोलायला उठायचं आणि समोर लाहोरचा मुलगा बसलेला असायचा. मेसमध्ये डाळ मात्र सगळ्यांनाच नावडती.

मांडवीच्या_तीरावर

गोवा विद्यापीठाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. इथे लॅटिन अमेरिकन अभ्यासाचं केंद्र पूर्वीपासून होतं, आता आंतरराष्ट्रीय आणि क्षेत्र अभ्यासाची वेगळी शाखा आहे. आमच्या आजीला पोर्तुगीज येते, तिच्याकडून गिरवली आणि ब्राझीलचा विषय घेतला. भारतात चीन-पाकिस्तानवर लिहिणारे खूप, पोर्तुगीज चालणाऱ्या अंगोला-मोझांबिकवर फार थोडे. भाषा असेल तर अर्जात ती सगळ्यात वर लिहा.

रात्रपाळी

चेव्हनिंग या ब्रिटन सरकारच्या शिष्यवृत्तीचं सांगते. किमान २,८०० तासांचा कामाचा अनुभव हवा, म्हणजे साधारण दोन वर्षांची नोकरी. नंतर दोन वर्षं मायदेशी परतायचं. मी वृत्तपत्राच्या डेस्कवर होते, तास भरले होते.

निबंध नेतृत्वावर, ओळखी जोडण्यावर, ब्रिटनच का यावर आणि पुढच्या कामावर. पहिल्या दोन्हींनी घाम काढला. स्वतःची टिमकी वाजवणं आपल्या अंगात नाही, ‘आम्ही केलं, आमच्या टीमने केलं’ असंच लिहिलं जातं. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने प्रत्येक ‘आम्ही’खाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘यातलं तू काय केलंस?’ त्या एका प्रश्नाने निबंध सुधारला. मुलाखतीपर्यंत पोचले, पुढे नाही.

विद्यापीठाचा प्रवेश मात्र हातात होता. सासरे म्हणाले घरावर कर्ज काढू. मी आणि नवऱ्याने हिशेब मांडला: फी, लंडनचं भाडं, परत आल्यावर थिंक टँकमधला सुरुवातीचा पगार. हप्ता त्यातून निघत नव्हता. नाही गेले. मुंबई विद्यापीठात नोकरी सांभाळून एमए केलं, आता परराष्ट्र धोरणावर लिहिते.

तिरपी_उन्हं

@रात्रपाळी, हा हिशेब इथे आला ते फार बरं झालं. कर्जाऐवजी जे. एन. टाटा एन्डोमेंट (१८९२ पासून आहे) आणि के. सी. महिंद्रा या कर्ज-शिष्यवृत्त्याही बघाव्यात. पूर्ण खर्च त्यात भागत नाही.

@लासलगाव_मार्केट, विद्यापीठ डिपॉझिटची तारीख देतं आणि शिष्यवृत्तीची यादी तोवर लागलेली नसते, तेव्हा काय केलंत?

लासलगाव_मार्केट

विद्यापीठाला ईमेल केला, सोबत शिष्यवृत्तीच्या अर्जाची पोच जोडली आणि मुदत मागितली. एकाने दिली, एकाने नाही दिली. ज्याने दिली तिथे गेलो. ईमेल मुदत संपायच्या आदल्या रात्री नको, आठ-दहा दिवस आधी पाठवा.