अनुभव धागा: गाडीवर सायकल न्यायची, तर रॅक कोणता?

पावसाळा ओसरला की ताम्हिणी, कास, महाबळेश्वर, कोकण असे बेत सुरू होतात आणि "कारसाठी सायकल रॅक सुचवा" हा प्रश्नही येतोच. कंपनी आणि किंमत हा पुढचा भाग. आधी गाडीचा पत्रा, सायकलची फ्रेम आणि एक्सल (चाकाचा आस), आणि गाडी कुठे उभी राहते, एवढं ठरलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात. वापरणाऱ्यांनी इथे सविस्तर लिहावं; प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे. "मस्त आहे, घ्या" यापेक्षा कुठे सैल पडतं, कुठे घासतं आणि का, ते सांगा.

टपावरचा

टपावर लावायचा असेल तर सगळ्यात आधी गाडीचं मॅन्युअल उघडा आणि टपाची भारक्षमता पाहा. बऱ्याच छोट्या गाड्यांना ती 50 किलोच्या आसपास असते, आणि त्यात फक्त सायकली नाहीत, रॅकही धरायचा. हिशोब असा: दोन क्रॉसबार (टपावरच्या आडव्या दांड्या) मिळून 6 किलो, प्रत्येक सायकल बसवायचा ट्रे 4 किलो, सायकल 13 किलो. दोन सायकलींना 40 किलो होतात. तिसरी चढवली की 57. म्हणजे बारवर जागा दिसते म्हणून तिसरी चढवायची नाही.

दुसरं, टपावरचे रेल खरे आहेत का ते तपासा. आपल्याकडे अनेक गाड्यांवर नुसते शोभेचे रेल येतात, चिकटवलेले किंवा क्लिपवर बसवलेले. मॅन्युअलमध्ये रेलवर वजन ठेवू नका असं लिहिलेलं असतं. अशा गाडीला दाराच्या चौकटीत पकडणारे पाय लागतात, आणि ते प्रत्येक मॉडेलचे वेगळे असतात. "सगळ्या गाड्यांना बसतो" असं लिहिलेला सेट घेऊ नका. रबर कडेवर नीट बसत नाही, दार लावताना बीडिंग (दाराची रबरी पट्टी) चेपतं आणि पहिल्याच पावसात पाणी आत येतं.

उंची मोजून ठेवा. 153 सेंमीची हॅचबॅक, त्यावर बार आणि उभी सायकल मिळून पावणेतीन मीटरच्या जवळ जातं. सोसायटीच्या बेसमेंटच्या तोंडावर 2.1 किंवा 2.2 मीटर लिहिलेलं असतं. आकडा कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. घरी पोचल्यावर, दमलेलं असताना, टपावर सायकल आहे हेच विसरायला होतं.

डिकीचे पट्टे

बजेट कमी आणि वापर अधूनमधून असेल तर डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक वाईट नाही, पण तो गाडीच्या मागच्या आकारावर अवलंबून आहे. हूक पत्र्याच्या दुमडलेल्या कडेत बसला पाहिजे. काचेच्या कडेला किंवा प्लास्टिकच्या स्पॉयलरला अडकवला की तडा ठरलेला. स्पॉयलर असलेल्या बऱ्याच हॅचबॅकना वरचा हूक बसतच नाही. गाडीसकट दुकानात जा आणि बसवून बघा.

बसवायचा क्रम: डिकी आणि रॅकचे पॅड आधी धुऊन पुसा. पॅडखाली धूळ राहिली की ती पॉलिश पेपरसारखी रंग घासते. वरचे पट्टे आधी, मग खालचे, शेवटी बाजूचे. बाजूचे पट्टे "उगाच दिलेत" असं समजून लोक सोडून देतात. घाटातल्या वळणांवर रॅक डावी-उजवीकडे सरकतो तो त्यामुळेच. सायकली चढवल्यावर सगळे पट्टे पुन्हा ओढा, कारण वजन आलं की पॅड दबतात आणि पट्टा ढिला पडतो. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून परत एकदा. उरलेली टोकं गुंडाळून बांधा. चपटा पट्टा वाऱ्यात घूं घूं आवाज करतो, त्याला अर्धा पीळ दिला की थांबतो.

सायलेन्सरचं तोंड कुठे आहे तेही बघा. खालच्या चाकाचा टायर त्याच्या सरळ रेषेत आला तर गरम धुराने रबर खराब होतं. सायकल उलट्या तोंडाने लावली की बहुतेक वेळा सुटतं.

कार्बन फ्रेम

कार्बन फ्रेम असेल तर वरच्या नळीला चिमटा लावणारा रॅक नको. नळीची भिंत पातळ असते, दाब एका जागी येतो, आणि आतली चीर बाहेरून दिसत नाही. चाकालाच पकडणारा ट्रे घ्या किंवा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) अडकवणारा. फोर्कवाल्यात पुढचं चाक काढावं लागतं, पण सायकल बुटकी होते आणि वारा कमी लागतो. फक्त एक्सल जुळला पाहिजे. जुन्या क्विक रिलीजला (लिव्हरने उघडणाऱ्या चाकाला) 9 मिमीचा स्क्यूअर म्हणजे आरपार दांडी, आताच्या रोडबाइकना बहुधा 12×100 (जाडी × रुंदी, मिमीत), एमटीबीना म्हणजे माउंटन बाइकना 15×100 किंवा 15×110. अडॅप्टर वेगळा विकत घ्यावा लागतो. ऑर्डर देण्याआधी फोर्कवरचा आकडा वाचा.

हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्याबरोबर ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकचा स्पेसर घाला. चाक नसताना कुणी लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात आणि मुक्कामी पोचून रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) आत जात नाही.

नंबरप्लेट

मागच्या रॅकबद्दल कुणीच बोलत नाही ती गोष्ट: नंबरप्लेट आणि ब्रेकलाइट. दोन्ही झाकले गेले तर चलान होऊ शकतं, आणि मागच्याला तुमचा ब्रेक दिसत नाही हे त्याहून वाईट. हाताने रंगवलेली जादा पाटी हाय सिक्युरिटी नंबरप्लेटच्या जागी चालत नाही. म्हणून सायकली काचेच्या उंचीवर धरणारा, सायकल टांगायचे हात वर असलेला रॅक घ्या. सायकली चढवून दहा पावलं मागे जा आणि कुणाला तरी ब्रेक, इंडिकेटर दाबायला सांगा.

रुंदीही बघा. 29 इंची एमटीबी 1.8 मीटरहून लांब असते, छोटी गाडी 1.7 च्या आसपास. चाकं दोन्ही बाजूंनी बाहेर येतात. पुढचं चाक काढून गाडीत टाका, प्रश्न मिटतो.

स्टेपनीवाले

थार किंवा इकोस्पोर्टसारख्या गाड्यांना स्टेपनीवर बसणारा रॅक मिळतो. पकड चांगली, रंगाला धक्का नाही. पण सगळा भार मागच्या दाराच्या बिजागरीवर येतो, तिथे आधीच स्टेपनीचं वजन आहे. दोनच सायकली, त्याही हलक्या.

जर्मनीहून

इकडे टो-बॉलवरचा (गाडीमागे ट्रेलर जोडायच्या गोल हुकावरचा) रॅक सर्रास वापरतात. सायकल कमरेच्या उंचीवर चढते, ई-बाइकसाठी दुसरं काही सुचवणार नाही. हुकावर उभा भार किती चालतो तो आकडा गाडीच्या कागदांत असतो. 75 किलो असेल आणि रॅक 17 चा, तर 58 उरतात. 25 किलोच्या दोन ई-बाइक बसतात. आकडा 50 असेल तर एकच. बॅटरी काढून गाडीत ठेवा. रॅकवर नंबरप्लेट पुन्हा लावणं इथे सक्तीचं आहे. दिव्यांचा प्लग 13 पिनांचा असतो, गाडीचं सॉकेट 7 पिनांचं असेल तर अडॅप्टर लागतो.

टपावरचा

भारतात हा टो-बॉलचा पर्याय निवडताना जपून. बहुतेक गाड्यांना कंपनीकडून टो-बार येत नाही. बाजारात बंपरखाली बसवून देतात तो हूक दिसायला दणकट, पण त्याची भारक्षमता कुठेच लिहिलेली नसते.

चाक काढा

एकच सायकल असेल तर रॅकची गरज आहे का, हे आधी विचारा. मागची सीट आडवी करा आणि चेन मागच्या सगळ्यात छोट्या दातेरीवर आणून दोन्ही चाकं काढा. खाली जुनी चादर टाकून फ्रेम डिरेलर (गिअर बदलणारा भाग) वर येईल अशी आडवी ठेवा. वॅगन-आरसारख्या उंच गाडीत रोडबाइक आरामात मावते. पाऊस नाही, चोरीची धास्ती कमी, मायलेजला धक्का नाही.

डिकीचे पट्टे

पटलं. मात्र दोन सायकली आणि चार माणसं असली की बाहेरच लावावं लागतं. तेव्हा बाटली, पंप, सीटखालची पिशवी, दिवे, सायकल कॉम्प्युटर सगळं काढून आत ठेवा. पावसात सीटपोस्ट काढलेला असेल तर नळीचं तोंड प्लास्टिकने बांधा, नाहीतर पाणी थेट बॉटम ब्रॅकेटपर्यंत (पेडलच्या आसापर्यंत) उतरतं. सायकलला कव्हर घालून गाडी पळवू नका. कव्हरमध्ये वारा भरतो आणि सगळा ताण पट्ट्यांवर येतो.

नवीन सदस्य

मुलीची सायकल लेडीज फ्रेमची आहे, वरची नळीच नाही. रॅकच्या हातांवर लटकवायची कशी?

डिकीचे पट्टे

सीटपोस्ट आणि हँडलच्या मानेमध्ये बसणारी आडवी नळी वेगळी मिळते, लांबी कमी-जास्त करता येते. ती लावून त्यावरच टांगा. दोन्ही टोकांचे क्लिप पूर्ण बंद झालेत ना ते ओढून बघा, आणि पुढचं चाक फ्रेमला बांधा. चाक मोकळं राहिलं की हँडल फिरतं, आणि मग नळी निसटते.