फेम्टोसेकंद लेझरने कापूनही नायटिनॉल स्टेंटची कड तपकिरी येते

भोसरीकर (प्रश्न):
नमस्कार मंडळी. स्टेंट कापायच्या मशीनवर आठ वर्षं काढली, सगळी फायबर लेझरवर. नळीच्या आत चिकटलेला स्लॅग (वितळून थिजलेली धातू) हाताने काढताना जॉब वाकायचे, फार जीव जळायचा. दोन महिन्यांपूर्वी फेम्टोसेकंद मशीन आलं. ‘ही कापणी थंड असते’ असं सांगितलं होतं. कडेचा बर (खरखरीत उंचवटा) खरंच गेला. पण मायक्रोस्कोपखाली कड तपकिरी दिसते, वळणांवर तर निळसर. नळी नायटिनॉलची, म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची, भिंत २०० मायक्रॉन. सेटिंग: १०३० नॅनोमीटर, पल्स (प्रकाशाचा एक झटका) ३५० फेम्टोसेकंद, ५०० किलोहर्ट्झ, १० वॅट, स्पॉट २० मायक्रॉन, वेग सेकंदाला ५ मिलिमीटर, हवेचा झोत. हा तुकडा कुणाच्या तरी रक्तवाहिनीत बसणार आहे, असाच पुढे पाठवायला मन धजत नाही.

लॅबवाली:
दादा, थंड असते ती एक पल्स. धातूत प्रकाश आधी इलेक्ट्रॉन शोषतात. त्यांच्याकडून उष्णता अणूंच्या जाळीत उतरायला काही पिकोसेकंद लागतात, तोवर पल्स संपलेली असते. म्हणून आजूबाजूचं वितळायच्या आत वरचा पातळ थर उडून जातो. पण थोडी उष्णता मागे उरतेच.

आता तुमचाच हिशोब करा. सेकंदाला ५ मिलिमीटर आणि ५ लाख पल्स, म्हणजे दोन पल्समध्ये अंतर १० नॅनोमीटर. २० मायक्रॉनच्या स्पॉटखाली एकेका जागेवर २००० पल्स पडतात! आधीची उष्णता निवायच्या आत पुढची येते. वळणावर अक्ष मंदावतो, पल्स मात्र त्याच गतीने सुटत राहतात. निळं तिथेच का, ते यातून कळतं.

कंट्रोलरमध्ये अंतराप्रमाणे पल्स सोडायची सोय असेल तर पहिल्यांदा ती चालू करा. मग पल्सचा दर उतरवा, वेग आणि फेऱ्या वाढवा. एका पल्सला २० मायक्रोज्यूल फार होतात. धातू उडायला लागते त्या किमान ऊर्जेच्या साधारण सात पटीला काम सर्वांत किफायतशीर होतं, त्यापुढे वाया जाणारा वाटा वाढतो. आणि हवेऐवजी आर्गॉन द्या. गरम नायटिनॉलला ऑक्सिजन मिळाला की रंग चढणारच.

जुना_ऑप्टिक्सवाला:
पल्स खरंच ३५० फेम्टोसेकंद आहे का, तेही मोजून घ्या. पल्स ताणायची, तिची ऊर्जा वाढवायची, पुन्हा दाबायची ही स्ट्रिकलँड आणि मूरू यांची १९८५ची युक्ती, २०१८चं नोबेल त्यावरच मिळालं. दाबणारा भाग जरा हलला की पल्स लांबते, आणि पॉवर मीटर मात्र पूर्वीचाच आकडा दाखवतो.

चाकण_७:
इलेक्ट्रोपॉलिशमध्ये (विजेने वरचा थर विरघळवतात त्यात) रंग निघून जातो की. एवढा विचार कशाला?

लॅबवाली:
रंग निघेल हो. पण नायटिनॉल तापलं की त्याचं रूपांतराचं तापमान, म्हणजे ज्याला ते मूळ आकारात परततं ते, सरकू शकतं. स्टेंट ३७ अंशांच्या शरीरात नीट उघडणं त्यावरच अवलंबून असतं. वरचा थर काढून खालची तापलेली धातू सुधारत नाही.

भोसरीकर:
ताई, अंतराची सोय मशीनमध्ये होती, बंद ठेवलेली! ती चालू केली. १०० किलोहर्ट्झ, ६ मायक्रोज्यूल, आर्गॉन, वेग सेकंदाला २० मिलिमीटर. जॉबला वेळ तिपटीहून जास्त लागतो, पण सरळ दांड्या आता स्वच्छ आहेत. वळणाच्या आतल्या बाजूला अजून फिकट पिवळी रेघ दिसते. पल्सची लांबी सोमवारी मोजून घेतो. तोवर ऊर्जा आणखी उतरवू, की नळीतून पाणी सोडून बघू?