प्रेशर वॉशरने शेवाळाबरोबर भिंतीचा रंगच निघाला, काय चुकलं?

उंबरठा: नमस्कार मंडळी. घराच्या मागच्या बाजूला ऊन अजिबात पोचत नाही, तिथे भिंतीवर हिरवं शेवाळ आहे आणि वळचणीखाली काळे डाग. नवीन रंग द्यायचाय म्हणून आधी सगळं धुवून घ्यावं म्हटलं आणि मित्राचा १३० बार दाबाचा प्रेशर वॉशर आणला. पिवळं नोझल लावून चार बोटांवरून मारलं, शेवाळ एका झटक्यात गेलं पण सोबत तळहाताएवढा रंगाचा पोपडा उडाला आणि आतली प्लास्टरची वाळू दिसायला लागली. मग घाबरून भिंत सोडली आणि मागचा काँक्रीटचा कोबा धुवायला घेतला तर तिथे वाळल्यावर झेब्र्यासारखे पट्टे दिसतायत. नोझल चुकलं का मशीनच जास्त ताकदीचं आहे? आणि धुतल्यावर रंग किती दिवसांनी द्यायचा?

पागोळी: मशीन ठीक आहे, अंतर चुकलं. पिवळं नोझल १५ अंशाचं, चार बोटांवर त्याचा फवारा जेमतेम २ सेंटिमीटर रुंद पडतो, म्हणजे सगळी ताकद तेवढ्याशा पट्टीत. पांढरं ४० अंशाचं लावून दीड फुटावर धरलंत तर तेच पाणी जवळपास फूटभर पसरतं. भिंतीला पांढरंच वापरा, लांबून सुरुवात करा आणि लागेल तसं हळूहळू जवळ या. लाल, म्हणजे शून्य अंशाचं, घराच्या कुठल्याच भागाला लावू नका, त्याने प्लास्टरमध्ये सरळ चर पडतो.

पण खरं सांगू का, शेवाळ प्रेशरने घालवायची गोष्टच नाही. वरचा हिरवा थर उडतो, प्लास्टरच्या बारीक छिद्रांत बसलेलं तसंच राहतं आणि ओल मिळाली की परत येतं. आधी ते मारायचं. साधं ब्लीच एक भाग, पाणी चार भाग, बागेतल्या हातपंपाने खालून वर मारत जायचं (वरून मारलं तर खाली कोरड्या भिंतीवर ओघळ उतरतात आणि त्यांचे डाग राहतात), १०-१५ मिनिटं ठेवायचं, मध्ये वाळू द्यायचं नाही, मग वरून खाली कमी दाबाच्या पाण्याने धुवायचं. काळे डाग बहुतेक बुरशीचे असतील, तेही याच पाण्याने फिके पडताना डोळ्यासमोर दिसतात. आधी आणि नंतर जवळच्या झाडांवर साधं पाणी भरपूर मारा, नाहीतर पानं करपतील. हातमोजे, चष्मा हवाच. आणि ब्लीचमध्ये टॉयलेटचं ॲसिड किंवा अमोनियावालं काही चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

कोबा_आणि_फरशी: पट्ट्यांचं मी सांगतो. गन हाताने फिरवताना अंतर आणि वेग दोन्ही सारखे राहत नाहीत, जिथे क्षणभर थांबलात तिथे जास्त निघालं. याला सरफेस क्लीनर मिळतो, झाकणासारखी गोल तबकडी असते आणि तिच्याखाली दोन नोझल फिरत राहतात, अंतर कायम तेवढंच राहतं. तुमच्या मशीनला बसेल तो बघून घ्या आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवत न्या. आत्ताचे पट्टे फक्त मळाचे असतील तर सगळं परत एकसारखं धुतल्यावर जातील. पण हात फिरवून बघा, पट्ट्यात खडबडीत लागलं आणि बाजूला गुळगुळीत, तर वरचा सिमेंटचा थर निघालाय, ते धुवून नाही जाणार. पुढे पेव्हर ब्लॉक धुवायचे असतील तर सांध्यातली वाळू उडते, वाळल्यावर परत झाडूने भरावी लागते, नाहीतर ब्लॉक हलायला लागतात.

उंबरठा: हात फिरवून बघितला, गुळगुळीतच आहे 🙏 हायसं वाटलं. अजून एक, भिंतीच्या खालच्या दोन फुटांत पांढरी भुकटी येते, ती पण ब्लीचने जाते का?

पागोळी: नाही, तो लोणा. भिंतीतले क्षार ओलीबरोबर बाहेर येऊन वर वाळतात. तिथे पाणी मारू नका, क्षार विरघळून परत आत जातात आणि वाळल्यावर पुन्हा वर येतात. कोरड्या ताठ ब्रशने खरवडून भुकटी झाडून टाका आणि पाणी कुठून येतंय ते शोधा. पन्हळ गळतेय का, जमिनीचा उतार भिंतीकडे आहे का, माती भिंतीला टेकलीय का. ते न थांबवता रंग दिलात तर तो तिथूनच फुगणार.

ओली_भिंत: रंग कधी द्यायचा याला दिवस मोजू नका, भिंतीलाच विचारा. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, १६ तासांनी काढा. आतून दव दिसलं किंवा तेवढाच भाग गडद झाला तर अजून थांबा. हे तीन-चार ठिकाणी करा, वळचणीखाली आणि खालच्या दोन फुटांत नक्की. उघडलेली वाळू दिसतेय तिथे पडतील तेवढे पोपडे पडू द्या, कडा घासून घ्या, मग पुट्टी आणि प्रायमर.

आणि कळकळीने सांगते, शिडीवर चढून गन चालवू नका. ट्रिगर दाबला की गन मागे ढकलते, शिडीवर तोल जातो. जमिनीवर उभं राहून लांब दांडी वापरा. फवारा हातापायावर लागला तर वरून टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं, पण पाणी आणि घाण कातडीखाली पसरलेली असते, दुखत नसलं तरी तडक दवाखान्यात जायचं आणि प्रेशर वॉशरने लागलंय हे सांगायचं. प्लग, मीटर, एसीचं बाहेरचं युनिट, खिडक्यांच्या सिलिकॉनच्या कडा यांच्यावर मारू नका, एसीच्या पातळ पत्र्या लगेच वाकतात. मशीन अर्थिंग असलेल्या आणि ईएलसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) असलेल्या लाईनवरच लावा.

उंबरठा: पन्हळ आत्ता बघून आलो. कोपऱ्यातला जोड सुटलाय, पाणी बरोबर त्या काळ्या डागांवरच उतरतंय, आणि खाली लोणाही तिथेच जास्त आहे. आधी तो जोड करून घेतो, ब्लीचचं शनिवारी, आणि पांढरं नोझल आधी मागच्या कोपऱ्यात हातभर जागेवर लावून बघतो. प्लास्टिकचा तुकडा चिकटवला की इथे कळवतो.